लहान मुले आणि कुत्रा एकाच घरात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव आणि आसपासच्या गावांतील ज्या घरांत सहा-सात वर्षांखालील मुले आहेत आणि कुत्राही आहे, किंवा तो आणण्याचा विचार चालू आहे, अशा पालकांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. त्यांमागची भूमिका एकच आहे. कुत्रा स्वभावाने कितीही गरीब असला आणि मूल कितीही समजूतदार असले, तरी दोघांना सांभाळून घेण्याचे काम घरातील मोठ्या माणसांचे असते आणि ते मुलावर किंवा कुत्र्यावर सोपवता येत नाही.

मूल लहान असतानाच कुत्रा आणावा, की ते मोठे होईपर्यंत थांबावे?

हा निर्णय मुलाच्या वयापेक्षा मोठ्या माणसांकडे असलेल्या वेळेवरून घ्यावा. पिल्लाला सुरुवातीचे काही महिने दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावे लागते, रात्री उठावे लागते, त्याने कुरतडलेल्या चपला आणि सांडलेले पाणी आवरावे लागते. आणि तान्हे बाळ रात्र रात्र जागवत असलेल्या घरात हे सारे करणे फार जड जाते. आई-वडील दोघेही नोकरीला जात असतील आणि नातवंडांना सांभाळणाऱ्या आजी-आजोबांवरच कुत्र्याचाही भार पडणार असेल, तर मूल शाळेत जाऊ लागेपर्यंत थांबणे आम्हाला शहाणपणाचे वाटते. कुत्र्याचे आयुष्य साधारण दहा ते पंधरा वर्षांचे असते, म्हणजे आज बालवाडीत जाणारे मूल दहावीला बसेल तेव्हाही तो बहुधा घरात असेल, हे लक्षात घेऊनच ठरवावे.

पिल्लू आणावे की मोठा कुत्रा, आणि कोणत्या जातीचा?

पिल्लू आणायचे असेल तर ते आठ आठवड्यांपेक्षा लहान असू नये. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार त्याहून लहान पिल्लाची विक्री करता येत नाही, आणि त्यामागचे कारण पालकांनी समजून घेण्यासारखे आहे : चावताना जोर किती लावायचा, हे पिल्लू आपल्या भावंडांशी खेळताना शिकते. लवकर तोडलेले पिल्लू हा धडा न घेताच मुलांच्या घरात येते. ज्याचा स्वभाव आधीच कळलेला आहे आणि जो मुलांमध्ये वावरलेला आहे, असा दोन-तीन वर्षांचा कुत्रा मिळत असेल तर लहान मुलांच्या घरासाठी तो पिल्लापेक्षा बरा.

जातीविषयी बोलायचे तर गावठी कुत्रा आपल्या हवेला सरावलेला असतो, आणि माणसांत वाढलेले गावठी पिल्लू मुलांना उत्तम सोबत करते. कर्नाटकातील मुधोळच्या कारवान कुत्र्याची आपल्या भागात मोठी हौस आहे. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली. तो देखणा आणि इमानी असतो यात शंका नाही, परंतु तो नजरेने शिकार टिपणारा, पळणाऱ्या गोष्टीमागे सुटणारा कुत्रा आहे आणि त्याला रोज मोकळ्या रानात धावणे लागते. मळ्यातील वस्तीवर तो शोभतो. दोन खोल्यांच्या सदनिकेत, जिथे मुले दिवसभर पळापळ करतात, तिथे तो आणि मुले दोघेही अडचणीत येतात. हस्की आणि सेंट बर्नार्ड या थंड प्रदेशांतील जाती सांगलीच्या उन्हाळ्यात आणू नयेत, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना एप्रिल-मे महिन्यांत धड श्वासही घेता येत नाही.

कुत्रा आधीपासून घरात आहे आणि बाळंतपण माहेरी होणार आहे. बाळ घरी येईल तेव्हा काय करावे?

माहेरच्या बाळंतपणामुळे सासरच्या कुत्र्यासाठी एक वेगळीच परिस्थिती निर्माण होते. घरातील एक माणूस अचानक दोन-तीन महिने दिसेनासे होते आणि परत येते तेव्हा त्याच्या कडेवर रडणारा एक नवा जीव असतो. हा मधला काळ वाया घालवू नये. बाळ जिथे झोपणार असेल त्या खोलीत कुत्र्याने यायचे की नाही, हे ठरवून तो नियम लगेच अमलात आणावा, म्हणजे ती बंदी बाळामुळे आली असे त्याला वाटणार नाही. बाळाला भेटायला माहेरी जाणाऱ्याने परतताना बाळाचे वापरलेले दुपटे आणावे आणि कुत्र्याला ते दुरून हुंगू द्यावे. हिसकावू किंवा खेळू देऊ नये.

घरी येण्याच्या दिवशी ओवाळणी, पाहुणे आणि शेजारी यांची गर्दी असते. त्या गडबडीत कुत्र्याला अंगणात बांधून ठेवण्यापेक्षा कोणीतरी त्याला लांब फिरवून आणावे. सारे शांत झाल्यावर आईने बाळाला दुसऱ्याकडे देऊन एकटीने आधी कुत्र्याला भेटावे, कारण तिला इतक्या दिवसांनी पाहून तो उड्या मारणारच. त्यानंतर पट्टा धरून, काही अंतरावरून त्याला बाळ दाखवावे. पुढचे काही आठवडे बाळ समोर असतानाच कुत्र्याशी बोलावे आणि त्याला खाऊ द्यावा. बाळ झोपल्यावरच कुत्र्याचे लाड करण्याची सवय बऱ्याच घरांत लागते, आणि त्यातून बाळ जागे असणे म्हणजे आपल्याकडे दुर्लक्ष होणे, एवढेच तो शिकतो.

बाळ रांगू लागल्यावर कोणती काळजी घ्यावी?

आमच्या मते सर्वांत जास्त लक्ष ठेवण्याचा काळ हाच आहे. तोपर्यंत एका जागी पडून असणारा जीव अचानक कुत्र्याच्या उंचीवर येतो, त्याच्या दिशेने सरकतो, शेपूट ओढतो, कानात बोट घालतो आणि त्याच्या भांड्यात हात बुडवतो. लहान मुलांना होणारे चावे बहुतांशी अनोळखी कुत्र्यांचे नसतात. ते घरच्या किंवा ओळखीच्या कुत्र्यांचे असतात, आणि मूल ठेंगणे असल्याने जखमा चेहऱ्यावर आणि मानेवर होतात.

मागच्या पडवीत कुत्रा जेवत आहे आणि दहा महिन्यांचे मूल उंबरा ओलांडून त्याच्याकडे रांगत निघाले आहे, अशा वेळी कुत्र्याकडे नीट पाहावे. तो भुंकत नाही. त्याचे चघळणे थांबते. तोंड भांड्यातच राहते, मान ताठ होते, शेपटीची हालचाल बंद होते, आणि मान न वळवता तो मुलाकडे पाहतो तेव्हा त्याच्या डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसू लागतो. पाहणाऱ्याला वाटते की कुत्रा किती शांत उभा आहे. वास्तविक ही शेवटच्या इशाऱ्यांपैकी एक खूण असते. अशा वेळी ओरडू नये आणि कुत्र्याच्या तोंडापुढचे भांडेही ओढू नये. मुलाला मागून उचलून घ्यावे.

याच्या कितीतरी आधीच्या खुणाही असतात. झोप आलेली नसताना जांभई देणे, समोर खाणे नसताना ओठ चाटणे, तोंड दुसरीकडे फिरवणे, कान मागे घेणे, उठून दुसऱ्या जागी जाऊन बसणे, या सर्वांतून कुत्रा हेच सांगत असतो की मला थोडे मोकळे सोडा. शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रा खूश आहे, हा समज मात्र सोडून द्यावा. ताठ उभारलेली शेपूट टोकाशी थरथरत असेल तर ते आनंदाचे लक्षण नव्हे.

व्यवस्था अशी असावी की मुलाला पोहोचता येणार नाही असा एक कोपरा कुत्र्याच्या मालकीचा राहील. सोप्याच्या दाराला किंवा जिन्याच्या तोंडाशी लावलेले लाकडी अर्धे फाटक यासाठी पुरेसे होते, आणि कोणताही सुतार ते करून देतो. मोठे माणूस खोलीत नसेल तर मूल आणि कुत्रा फाटकाच्या दोन बाजूंना असावेत. दूध उतू जाते आहे म्हणून स्वयंपाकघरात धावायचे असेल, तर मूल कडेवर घेऊनच धावावे. हा नियम सहा वर्षांच्या आतील प्रत्येक मुलासाठी आहे, आणि कुत्रा कितीही जुना आणि भरवशाचा असला तरी त्याला अपवाद करू नये.

कुत्रा मुलावर गुरगुरला तर त्याला मारावे का?

मुळीच मारू नये. गुरगुरणे म्हणजे कुत्र्याने दिलेली पूर्वसूचना असते. मार खाऊन तो गुरगुरण्याचे सोडतो, परंतु ज्या गोष्टीचा त्याला त्रास होतो ती तशीच राहते, आणि मग एके दिवशी तो आवाज न करता चावतो. ‘काहीच कारण नसताना चावला’ असे ज्या कुत्र्यांविषयी सांगितले जाते, त्यांतील अनेकांना गुरगुरल्याबद्दल पूर्वी शिक्षा झालेली असते. गुरगुर ऐकताच मुलाला दूर न्यावे आणि मग कारण शोधावे. कानदुखी, सांधेदुखी किंवा दात यांमुळेही शांत कुत्रा अचानक चिडका होतो, म्हणून पहिली फेरी पशुवैद्यांकडे मारावी.

मुलांना कुत्र्याशी कसे वागायला शिकवावे?

तीन वर्षांच्या मुलाला नियमांची यादी सांगून उपयोग नसतो; त्याचा हात आपल्या हातात धरून, कुत्र्याच्या खांद्यावरून आणि छातीवरून उलट्या हाताने हळू फिरवून दाखवावा लागतो. काही क्षण गोंजारून हात काढून घ्यावा. कुत्रा जवळ सरकला तर त्याला आणखी हवे आहे, तो तसाच राहिला किंवा मागे सरला तर पुरे झाले, हे मुलांना फार लवकर समजते आणि ते ओळखण्यात त्यांना गंमतही वाटते. कुत्रा झोपलेला असताना, जेवत असताना किंवा हाड चघळत असताना त्याच्याजवळ जायचे नाही. त्याच्या गळ्यात पडायचे नाही, तोंडाशी तोंड न्यायचे नाही. छायाचित्र काढण्यासाठी मुलाला कुत्र्याच्या पाठीवर बसवणाऱ्या मोठ्यांनाही हे कळायला हवे.

रस्त्यावरचा अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही, हे मुलांकडून खेळातून करून घ्यावे : झाडासारखे स्थिर उभे राहायचे, हात अंगाशी, नजर जमिनीकडे, आणि खाली पडलोच तर गुडघे पोटाशी घेऊन, मुठींनी कान झाकून, चेहरा लपवून निपचित राहायचे.

कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडले तर प्रथम काय करावे?

जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावूनच धुवावी, कारण रडणारे मूल मांडीवर असताना दोन मिनिटेही फार वाटतात. रेबीजचा विषाणू साबणाने निकामी होतो, आणि हा उपाय प्रत्येक घराच्या न्हाणीघरात हजर असतो. सांगली ही हळदीची पेठ असल्याने कुठेही खरचटले की आपला हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. चाव्याच्या बाबतीत तो आवरावा. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये आणि घट्ट पट्टीही बांधू नये.

त्यानंतर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तिथे रेबीजची लस मोफत दिली जाते. लस स्नायूत द्यायची असेल तर ती पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी दिली जाते. त्वचेत द्यायच्या पद्धतीत चौदाव्या दिवसाची मात्रा नसते. रक्त आले असेल, किंवा कुत्र्याची लाळ उघड्या जखमेला अथवा डोळ्याला, तोंडाला लागली असेल, तर लसीबरोबर जखमेत आणि तिच्याभोवती प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते, आणि ते देण्याविषयी डॉक्टरांना आपणहून विचारावे. रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लस लागते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आजही काही आजी-आजोबांच्या मनात आहे. ती जुनी पद्धत केव्हाच बंद झाली आणि आताची सुई दंडात किंवा लहान बाळांना मांडीत देतात.

चावणारा कुत्रा घरचाच आणि लस दिलेला असेल तरीही डॉक्टरांना दाखवणे टाळू नये. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे आणि तो ठणठणीत राहिला तर पुढील मात्रांविषयीचा निर्णय डॉक्टरांना घेऊ द्यावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, पण वेळेवर पूर्ण उपचार घेतल्यास हा आजार टाळता येतो, म्हणून ‘घरचाच तर आहे’ असे म्हणून गप्प बसणे आम्हाला अक्षम्य वाटते. कुत्र्याने ओरखडले तर घरी सांगितल्यावर कोणी रागावणार नाही, एवढा विश्वासही मुलांना वाटला पाहिजे. रागावण्याच्या भीतीने लपवलेला ओरखडा फार महागात पडू शकतो.

कुत्र्याच्या लसी, जंत आणि गोचिडांविषयी काय पाळावे?

सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून डिस्टेंपर, पार्वो आदी रोगांच्या लसी सुरू होतात, रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात दिली जाते, आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दरवर्षी, ती पुन्हा द्यावी लागते. लसीचे कार्ड मुलांच्या लसीकरण कार्डांच्या फाईलमध्येच ठेवावे. जंतांचे औषध पिल्लाला सुरुवातीला वारंवार आणि नंतर साधारण दर तीन महिन्यांनी द्यावे, कारण कुत्र्याच्या विष्ठेतील गोलकृमींची अंडी मातीतून मुलांच्या पोटात जाऊ शकतात. अंगणातील विष्ठा रोज उचलावी आणि मातीत खेळलेल्या मुलांनी जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.

गोचिडांसाठी गोठ्यातील जनावरांचे औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला लावण्याची पद्धत खेड्यांत सर्रास दिसते. ती कुत्र्याला घातक ठरू शकते आणि त्याला मिठी मारणाऱ्या मुलांनाही. कुत्र्यासाठीचे औषध पशुवैद्यांकडूनच घ्यावे. गुंतागुंतीच्या आजारासाठी सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

घरातले जेवण कुत्र्याला चालते का?

चालते, पण आपल्या ताटातील उरलेले चालत नाही. आपल्या भागात वर्षाचा कांदा-लसूण मसाला घरोघरी करून ठेवतात आणि तो आमटीपासून रश्श्यापर्यंत सगळीकडे पडतो. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, त्यामुळे भाकरी रश्श्यात कुस्करून घालणे म्हणजे त्याला रोज थोडे विष घालण्यासारखे आहे. नुसती दूध-भाकरीही पुरत नाही, कारण तिच्यात प्रथिने कमी पडतात आणि पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. बिनमसाल्याचे शिजवलेले चिकन, अंडी, भात किंवा ज्वारीची भाकरी, उकडलेला भोपळा किंवा गाजर आणि थोडे ताक-दही अशी जोड द्यावी. शिजवलेली हाडे देऊ नयेत; त्यांच्या टोकदार चिरफळ्या होतात.

तासगाव परिसरातील घरांनी बेदाण्यांची विशेष काळजी घ्यावी. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. त्यांतील टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे असे आता मानले जाते, आणि अमुक इतके चालतील असे कोणतेही सुरक्षित प्रमाण सांगता येत नाही. आपल्याकडे बेदाणे डब्यात नव्हे तर पोत्यात असतात, आणि मुलांच्या खिशांतही असतात. सत्यनारायणाचा शिरा द्रोणात घेऊन मूल घरभर फिरते, त्यातले बेदाणे त्याला आवडत नाहीत म्हणून ते एकेक वेचून खाली टाकते, आणि कुत्रा मागोमाग जमीन चाटत जातो. पूजेच्या दिवशी हे दृश्य कोणत्याही घरात दिसेल. खाल्ल्याचे कळताच, उलट्या सुरू होण्याची वाट न पाहता पशुवैद्यांना फोन करावा. चॉकलेट आणि साखरविरहित च्युइंगममधील झायलिटॉल हेही कुत्र्याला विषारी आहे.

आजींना देवघर आणि स्वयंपाकघरात कुत्रा नको आहे. तडजोड कशी करावी?

त्यांचे म्हणणे मान्य करावे. स्वयंपाकघरात गरम भांडी आणि पायांत घुटमळणारी मुले असताना कुत्रा तिथे नसणेच सुरक्षित असते, आणि उंबऱ्याबाहेर बसण्याची सवय कुत्र्याला काही आठवड्यांत लागते. ज्या घरात आजींच्या अटी आधी ऐकून घेतल्या जातात, तिथे पुढे दुपारच्या वेळी कुत्रा त्यांच्याच खाटेखाली झोपलेला दिसतो, असा आमचा अनुभव आहे.

मुलाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर?

बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कुत्रा आणू नये. ॲलर्जी केसांपेक्षा कुत्र्याची लाळ आणि त्वचेचा कोंडा यांमुळे होते, म्हणून कमी केसांच्या जातीने ती टळते असे नाही.

दिवाळी आणि मिरवणुकींच्या आवाजाला कुत्रा घाबरतो. त्या दिवसांत काय करावे?

सांगलीत संस्थानच्या गणपतीचे विसर्जन पाचव्या दिवशी असते आणि मिरजेची अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, म्हणजे गणपती ते दिवाळी हा सारा काळच कुत्र्यासाठी कठीण असतो. घाबरलेला कुत्रा लपायला जागा शोधतो, आणि मुलांनी त्याला पलंगाखालून ओढून काढू नये, हे त्या दिवसांत पुन्हा पुन्हा सांगावे. आतल्या खोलीत खिडक्या लावून, पंखा आणि दूरदर्शन चालू ठेवून त्याला तिथे राहू द्यावे. फटाके सुरू होण्याआधी त्याला फिरवून आणावे, गळ्यातील पट्ट्यावर फोन क्रमांक लिहावा आणि दार उघडे राहणार नाही याकडे पाहावे. जवळ घेतल्याने भीती वाढते असे काही जण सांगतात, ते खरे नाही. मोठ्या माणसाने त्याच्याजवळ शांत बसावे.

महापुराच्या वेळी मुले आणि कुत्रा दोघांनाही कसे हलवावे?

२००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या नदीकाठच्या घरांना हा प्रश्न नवा नाही. सांगलीत कृष्णा नदीवरील आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. कुत्रा असलेल्या घराने इशारा पातळीलाच नातेवाइकांकडे निघावे, कारण धोका पातळीनंतर बोटीत जागा मुलांना, वृद्धांना आणि बाळंतिणींना आधी मिळते, आणि तेच योग्य आहे. कुत्रा कोणाकडे ठेवता येईल, हे पावसाळ्यापूर्वीच विचारून ठेवावे. पिशवीत पट्टा, तोंडाला बांधायची जाळी, लसीचे कार्ड आणि आठवडाभराचे खाणे असावे. काहीच शक्य झाले नाही तर निदान त्याची साखळी सोडावी. बांधलेल्या जनावराला पोहताही येत नाही. पाणी ओसरल्यावर चिखलात मुले आणि कुत्रा दोघांनाही खेळू देऊ नये, कारण उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस दोघांनाही होतो.

मुलांवर कुत्र्याची कोणती कामे सोपवावीत?

चार-पाच वर्षांचे मूल मोठ्यांच्या देखत पाण्याचे भांडे भरू शकते, आठ-नऊ वर्षांचे मूल ब्रशने केस विंचरू शकते. पट्टा एकट्याच्या हाती मात्र बाराव्या-तेराव्या वर्षाआधी देऊ नये, आणि तेव्हाही कुत्र्याचा जोर मुलाला आवरत असेल तरच द्यावा, कारण गल्लीतील भटकी कुत्री घरच्या कुत्र्यावर धावून आली की मधे सापडतो तो पट्टा धरणारा. उन्हाळ्यात फिरणे सकाळी लवकर आणि दिवस मावळल्यावर ठेवावे. डांबरी रस्त्यावर आपला उलटा हात पाच-सहा सेकंद टेकवता येत नसेल तर कुत्र्याचे पायही भाजतात. ‘कुत्रा तू मागितलास, तूच सांभाळ’ असे मुलाला म्हणू नये. मूल कंटाळले की उपाशी राहतो तो कुत्रा.

सर्व प्रयत्न करूनही जमत नसेल तर काय करावे?

तसे होऊ शकते, आणि मुलाला खरोखर धोका असेल तर कुत्र्यासाठी दुसरे घर शोधण्यात काहीही गैर नाही. आधी पशुवैद्यांकडून दुखणे तपासून घ्यावे, मग लहान मुले नसलेले घर पाहावे, आणि नव्या माणसाला कुत्र्याचा चावण्याचा किंवा गुरगुरण्याचा इतिहास न लपवता सांगावा. गाडीत घालून दूरच्या रस्त्यावर किंवा उसाच्या फडाजवळ सोडून येणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरतो. मुलांना ‘पळून गेला’ असे सांगू नये. तो कोणाकडे गेला आणि का गेला, हे त्यांना समजेल अशा शब्दांत खरे सांगावे, आणि नवे मालक तयार असतील तर काही दिवसांनी मुलांना घेऊन त्याला भेटून यावे.